माणूस बसला की थांबणारी गाडी: लेगोच्या मोठ्या वाहनातला वारंवार येणारा बिघाड

लेगोचे तुकडे, गिअर आणि मोटरी जोडून मुलाला प्रत्यक्ष बसता येईल अशी गाडी ज्यांनी बांधून पाहिली आहे, त्यांना हा बिघाड नव्याने सांगावा लागणार नाही. रिकामी गाडी सोप्यातून सरळ धावते. मूल बसले की ती दोन-तीन मीटर जाते, मोटरींचा सूर खाली उतरतो आणि ती उभी राहते. मिनिट-दोन मिनिटे थांबून बटण दाबले की ती पुन्हा निघते, मात्र या वेळी आधीपेक्षा कमी अंतरावर थांबते. काही तुटलेले दिसत नाही, बॅटऱ्या नव्या असतात आणि गाडी उलटी करून चाके फिरवली तर सगळी व्यवस्थित फिरतात. म्हणूनच या बिघाडावर माणसांचे आठवडेच्या आठवडे जातात. आमचा अख्खा मे महिना गेला.

आमची गाडी डिचोलीच्या घरी, राजांगणातल्या तुळशीवृंदावनाभोवती फिरावी एवढ्याच अपेक्षेने बांधलेली होती. मागच्या दोन चाकांना मिळून एक लांब ॲक्सल (चाकांचा दांडा), त्यावर गिअर, त्या गिअरला जोडलेल्या चार एक्स-एल, म्हणजे लेगोच्या मोठ्या मोटरी, पुढे वळणारी दोन चाके आणि वर बसायला फळी, अशी तिची रचना होती. गाडीचे वजन ८ किलो आणि बसणाऱ्या पुतणीचे २२. गाडी थांबू लागल्यावर बहुतेक जण जे करतात तेच आम्ही केले, म्हणजे मोटरी चाराच्या आठ केल्या. गाडी अर्धा मीटर जास्त गेली. मग बारा केल्या, तर ती आठ मोटरींच्या वेळेपेक्षाही आधी थांबली. प्रश्न मोटरींचा नाही हे तिथेच कळायला हवे होते, पण ते दाखवून दिले शिगम्याचे चित्ररथ बांधणाऱ्या एका शेजाऱ्यांनी. चित्ररथावरच्या राक्षसाचा हात वर-खाली होतो तेव्हा त्या हाताचे वजन मोटर पेलत नाही, ते लोखंडावर आणि बेअरिंगवर तोललेले असते व मोटरीकडे फक्त ढकलण्याचे काम असते, असे सांगत त्यांनी आमच्या फळीवर दोन्ही हातांचा भार टाकला आणि मागच्या चाकांकडे पाहायला सांगितले. दोन्ही चाकांचे वरचे काठ आत झुकले होते. याचा अर्थ ॲक्सल मधोमध खाली वाकला होता, आणि वाकलेला ॲक्सल भोकात फिरत नाही, रुतत रुतत सरकतो.

गाडी थांबते आणि काही वेळाने आपोआप बरी होते, यामागचे कारण मोटरीच्या आत आहे. लेगोच्या या मोटरींमध्ये एक थर्मिस्टर बसवलेला असतो. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त प्रवाह काही काळ वाहिला की तो तापतो, त्याचा रोध एकदम वाढतो आणि मोटरीला मिळणारा प्रवाह जवळजवळ बंद होतो, तो निवला की सगळे पूर्ववत. लगेच पुन्हा सुरू केल्यास तो अर्धवट तापलेलाच असतो, म्हणून दुसऱ्या खेपेस गाडी लवकर थांबते. एकाच ॲक्सलवर अनेक मोटरी असल्या तर आणखी एक गोष्ट घडते. त्यांतली सर्वांत आधी तापलेली मोटर बंद पडते, तिचा वाटा उरलेल्यांवर येतो, शिवाय तिच्या आतले गिअरही आता त्यांनाच फिरवावे लागतात, आणि मग एकामागून एक सगळ्याच बसतात. बारा मोटरींची गाडी आठ मोटरींच्या गाडीआधी थांबते ती यामुळे. वाढलेल्या मोटरींचे आणि बॅटरीच्या डब्यांचे वजनही त्याच वाकलेल्या ॲक्सलवर पडलेले असते, हे वेगळेच.

एका मोटरीकडून किती अपेक्षा ठेवायची याचा अंदाज हवा असेल, तर २०१८ मध्ये लेगोने झेकियातील क्लाद्नो येथे बांधलेल्या पूर्ण आकाराच्या बुगाटी शिरॉनचे आकडे पाहावेत. तीत २,३०४ मोटरी होत्या आणि सगळ्यांची मिळून शक्ती ५.३ अश्वशक्ती सांगितली गेली. भागाकार केला तर एका मोटरीच्या वाट्याला जेमतेम १.७ वॅट येतात. तरीही सुमारे १,५०० किलोची ती गाडी माणसाला घेऊन ताशी २० किलोमीटरहून अधिक वेगाने धावली. अर्थात तिचे सगळे वजन प्लॅस्टिकवर सोपवलेले नव्हते. आत पोलादी सांगाडा होता आणि चाके खऱ्या गाडीची होती. हा तपशील छायाचित्रे पाहून भारावलेल्यांच्या नजरेतून हमखास निसटतो.

तेव्हा मोटर वाढवण्याआधी मोजमाप करावे. त्यासाठी लागते ती एकच वस्तू, रद्दीवाल्याकडे असतो तसला टांगता स्प्रिंगचा काटा. प्रथम मोटरी आणि चाके यांच्यामधला एक गिअर काढून टाकावा, म्हणजे चाके मोकळी होतील. मग रिकामी गाडी सपाट लादीवर काट्याने सावकाश, सारख्या वेगाने ओढावी आणि काट्यावरचा आकडा टिपून ठेवावा. त्यानंतर मुलाच्या वजनाइतके तांदळाचे पोते फळीवर ठेवून तेच करावे. मुलाला बसवून ही चाचणी करू नये. मूल स्थिर बसत नाही आणि काटा नाचतो. आता तुलना करायची ती अशी: गाडीचे एकूण वजन ८ किलोवरून ३० किलोवर गेले, म्हणजे पावणेचार पट झाले, तर ओढण्याचा जोरही साधारण तेवढ्याच पटीने वाढायला हवा. आमच्या काट्यावर रिकाम्या गाडीला अर्धा किलो दिसत होता आणि पोते ठेवल्यावर पाच किलोच्या वर. जोर दहा पट झाला होता. वजनापेक्षा जोर असा पुढे पळत असेल, तर वजनामुळे काहीतरी वाकते आहे आणि वाकल्यामुळे अडकते आहे असे खात्रीने समजावे. याउलट रिकामी गाडीसुद्धा जड चालत असेल, तर दोष वजनाचा नसून जोडणीचा असतो. कुठेतरी बुश, म्हणजे चाक जागी धरणारी छोटी कडी, ॲक्सलवर इतका घट्ट सरकवलेला असतो की तो बीमला, म्हणजे ॲक्सल धरणाऱ्या भोकांच्या पट्टीला घासतो; अर्ध्या मिलिमीटरची मोकळीक दिली की काम होते.

पाच किलो जास्त की कमी, हे कशावरून ठरवायचे? त्याचाही ढोबळ हिशेब करता येतो. लहान रबरी टायर गुळगुळीत लादीवर फिरताना वजनाच्या सुमारे दोन ते तीन टक्के विरोध करतात, म्हणजे ३० किलोला ६०० ते ९०० ग्रॅम. ॲक्सल आणि बीमचे भोक यांच्यात प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक घासते आणि तिथले घर्षण वजनाच्या पाव हिस्स्याएवढे धरले, तरी ॲक्सलची त्रिज्या जेमतेम २.४ मिलिमीटर आणि चाकाची ४१ असल्यामुळे चाकाच्या काठावर ते दीड टक्काच उरते, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम. अंगणात पावसाचे पाणी मोरीकडे वाहावे म्हणून पन्नासास एक असा उतार दिलेला असेल, तर चढावर आणखी ६०० ग्रॅमची भर पडते. एकूण बेरीज दोन किलोच्या आत येते. काट्यावर पाच दिसत असतील, तर वरचे तीन किलो कुठे जातात हे शोधायचे. आणि दोनच दिसत असतील, तर मोटरी पुरेशा आहेत की नाही हा प्रश्न आता विचारायला हरकत नाही.

त्याचे उत्तर असे. पॉवर फंक्शन्स मालिकेतली एक्स-एल मोटर ९ व्होल्टवर मोकळी फिरताना मिनिटाला सुमारे २२० फेरे घेते आणि पूर्ण अडवल्यावर सुमारे ४० न्यूटन-सेंटिमीटरचा पीळ (फिरवण्याचा जोर) देते, मात्र त्या वेळी ती जवळपास १.८ अँपिअर प्रवाह खात असते व काही सेकंदांत बंद पडते. सतत चालवायची असेल तर तिच्याकडून पाव भागाची, म्हणजे १० न्यूटन-सेंटिमीटरची अपेक्षा ठेवावी. ८ दातांचा गिअर मोटरीवर आणि २४ दातांचा चाकावर लावला की तो पीळ तिप्पट होतो. सुमारे ८२ मिलिमीटर व्यासाच्या चाकावर दोन किलोचा जोर मिळवायला ८० न्यूटन-सेंटिमीटर लागतात. म्हणजे तीन मोटरी कागदावर पुरतात, आणि गिअरांमधला तोटा धरून चार घेतल्या की झाले. वेग मात्र मिनिटाला तेरा-चौदा मीटरच मिळेल. मुले त्यावर नाराज होतात. त्यांची समजूत १२ आणि २० दातांच्या गिअरांनी घालता येते, पण मग मोटरी दुप्पट घ्याव्या लागतात.

आता मुख्य दुरुस्तीकडे. चाक ॲक्सलच्या टोकाला, सांगाड्याच्या बाहेर लटकवू नये. सायकलचे चाक जसे चिमट्याच्या दोन पायांमध्ये धरलेले असते, तसे प्रत्येक चाकाच्या दोन्ही बाजूंना बीम असावेत, आणि ते चाकाच्या जितके जवळ तितके बरे. ॲक्सल चार-पाच खुंट्यांपेक्षा लांब ठेवू नये (खुंटी म्हणजे ब्लॉकवरचा गोल उंचवटा; लेगोत लांबी त्यावरच मोजतात, एक खुंटी म्हणजे ८ मिलिमीटर). चाकांची संख्या वाढवावी. आम्ही चार चाकांची बारा केली. त्यामुळे प्रत्येक चाकावर साडेसात किलोऐवजी अडीच किलो वजन आले आणि ॲक्सलचे वाकणे डोळ्यांना दिसेनासे झाले. सगळ्या चाकांना मोटरी लागत नाहीत. बारांपैकी आठ चाके नुसता भार वाहतात आणि मधली चार गाडी ओढतात. पण ही मधली चाके लादीला नीट टेकतात का, हे पाहावे लागते, कारण सांगाडा ताठ आणि लादी किंचित वरखाली असेल, तर नेमकी ओढणारी चाके हवेत गरगरतात आणि गाडी जागची हलत नाही. हा उलटा बिघाड आम्ही अनुभवला आहे. भार वाहणाऱ्या चाकांच्या चौकटी एका पिनवर झुलत्या ठेवल्यावर तो गेला.

सांगाड्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण चाके कितीही चांगली धरली तरी वरचा पाट वाकला की ती पुन्हा तिरकी होतात. खुंट्यांवर खुंट्या बसवत चढवलेली भिंत दाबाला उत्तम टिकते, पण वाकवली की तिचे थर खालच्या बाजूने सुटू लागतात. त्यावर जुना आणि खात्रीचा उपाय आहे तो उभ्या टाचणीचा. भोकांचा ब्लॉक ९.६ मिलिमीटर उंच असतो आणि चपटी प्लेट ३.२ मिलिमीटर. एक ब्लॉक, त्यावर दोन प्लेट आणि पुन्हा ब्लॉक असे थर घातले, तर खालच्या भोकापासून वरचे भोक बरोबर १६ मिलिमीटरवर येते, म्हणजे दोन खुंट्यांच्या अंतराएवढे. तिथे एक बीम उभा ठेवून पिनांनी दोन्ही थरांना जखडला की थर सुटू शकत नाहीत. मधल्या प्लेट विसरल्या तर भोके जुळत नाहीत, आणि मग कोणीतरी जोर लावून पिन घुसवतो व ब्लॉकला पांढरी चीर पडते. अशी पांढरी झालेली जागा पुढे तिथेच तुटते. बसण्याच्या फळीसाठी आम्ही साधा प्लायवूड वापरला आहे. सगळे काही लेगोचेच असले पाहिजे असा आग्रह धरणाऱ्यांना ते खटकेल, पण पडून गुडघा फोडून घेणारे मूल त्यांच्या घरचे नसते.

आमची गाडी सरळ रेषेत बरी चालू लागल्यावरही वृंदावनाला वळसा घालताना थांबायची. त्याचे कारण निराळे होते. डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर ४० सेंटिमीटर असेल, तर एका पूर्ण फेरीत बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अडीच मीटर जास्त जावे लागते, मग वर्तुळ लहान असो की मोठे. दोन्ही चाके एकाच ॲक्सलवर पक्की असली तर हे अडीच मीटर कोणीतरी घासत पार करतो. मोटारगाडीत यासाठी डिफरन्शियल असते आणि लेगोतही ते मिळते, पण माणसाच्या वजनाखाली त्यातले छोटे तिरके गिअर दात चुकवतात. त्यापेक्षा डावी आणि उजवी बाजू यांत्रिकदृष्ट्या पूर्ण वेगळी करून दोन्हींना स्वतंत्र मोटरी द्याव्यात. समांतर जोडलेल्या मोटरींवर ज्या बाजूला भार कमी ती बाजू आपोआप जरा जोरात फिरते, त्यामुळे वेगळ्या यंत्रणेची गरजच राहत नाही. दोन्ही बाजूंच्या मोटरी आरशातल्यासारख्या उलट बसतात, तेव्हा एका बाजूची दिशा उलटवायची विसरू नये. एकाच ॲक्सलवर चुकून एक मोटर उलट जोडली गेली, तर ती इतरांशी भांडत राहते आणि लक्षणे हुबेहूब याच बिघाडासारखी दिसतात. म्हणून जोडणी झाल्यावर एका वेळी एकच मोटर चालवून दिशा तपासावी.

गाडी थांबताना मोटरीचा आवाज चालूच असेल, किंवा कट्-कट् असा आवाज येत असेल, तर थर्मिस्टरचा संबंध नाही. तिथे गिअर दात चुकवत आहेत. भाराखाली दोन गिअर एकमेकांना दूर ढकलतात आणि त्यांना धरणारे बीम एकाच बाजूला असले तर फाकतात. ८ आणि २४ दातांची जोडी दोन खुंट्यांच्या अंतरावर अचूक बसते. तिच्या दोन्ही बाजूंना बीम आणि ते बीम एकमेकांना आडवे जखडलेले, एवढे केले की आवाज बंद होतो. वळणाच्या यंत्रणेत वर्म गिअर (स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर) ठीक आहे. ओढण्याच्या कामाला तो घेऊ नये, कारण त्यात बरीच शक्ती घर्षणातच संपते. जुने ॲक्सलही तपासावेत. मोटरीच्या पिळाने ते जिन्याच्या मळसूत्रासारखे मुरडतात आणि एकदा मुरडलेला ॲक्सल भोकात घट्ट होतो. टेबलाच्या काठावरून डोळा लावून पाहिले की मुरड दिसते. असे ॲक्सल आम्ही वेगळ्या डब्यात टाकतो आणि फक्त न फिरणाऱ्या जागी वापरतो.

वीजपुरवठ्याची तपासणी मल्टीमीटरने करावी, अंदाजाने नव्हे. गाडी थांबल्याच्या क्षणी बॅटरीच्या डबीवरचा विजेचा दाब (व्होल्टेज) मोजावा. तो शून्याच्या जवळ असेल तर डबीच्या संरक्षणाने पुरवठा तोडला आहे, म्हणजे एका डबीवर जास्त मोटरी टांगल्या आहेत. दाब शाबूत असून मोटर गप्प असेल, तर मोटरीचा थर्मिस्टर तापला आहे. सहा पेन्सिल सेलच्या एका डबीवर दोनपेक्षा जास्त एक्स-एल मोटरी लावू नयेत. परत चार्ज होणारे सेल १.२ व्होल्टचे असल्यामुळे सहा मिळून ७.२ व्होल्ट देतात, त्यामुळे वेग कमी होतो, पण भाराखाली ते साध्या सेलपेक्षा चांगले टिकतात. ताकद वाढवायची म्हणून स्कूटरची १२ व्होल्टची बॅटरी जोडण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नये. मोटरी जळू शकतात आणि शॉर्ट झाल्यास वायर पेटू शकते.

आपल्या गोव्यात याला पावसाळ्याची जोड मिळते. जून ते सप्टेंबर हवा ओली आणि किनाऱ्याजवळ खारट असते, आणि सेल आत ठेवूनच डबी कपाटात गेली असेल, तर चतुर्थीला बाहेर काढताना पत्र्यांवर हिरवा किंवा पांढरा थर दिसतो. एवढासा थरही दाब खातो. साध्या अल्कलाइन सेलमधून गळलेला पांढरा थर व्हिनेगर लावलेल्या कापसाने निघतो. त्यावर स्पिरिटचा हात फिरवून दिवसभर उघडे वाळू द्यावे. एकावर एक चढवलेले वायरींचे प्लगही त्याच कारणाने तापतात, त्यामुळे चारपेक्षा जास्त प्लगांची चवड करू नये.

तेलाविषयी एक कळकळीची सूचना. घरात खोबरेल हाताशी असते म्हणून ते ॲक्सलला लावण्याचा मोह होतो. दोन दिवस गाडी हलकी चालते, मग तेलात चिऱ्यांची तांबडी धूळ बसून त्याची लुकण होते, आणि थंडीच्या पहाटे खोबरेल थिजले की चाके हातानेही फिरत नाहीत. पेट्रोल किंवा थिनरने पुसल्यास ब्लॉकचे प्लॅस्टिक विरघळते. अगदी आवश्यक असेल तिथे सिलिकॉन ग्रीसचा मोहरीएवढा कण पुरे. गाडी किनाऱ्यावर नेऊ नये; वाळूचा एक कण गिअरात गेला की दात घासून जातात. चाकांवर गुंडाळलेले केस मात्र दर आठवड्याला काढावेत, कारण आमच्या गाडीचा जोर एकदा विनाकारण पाऊण किलोने वाढला होता आणि सापडले ते पुतणीच्या वेणीचे केस.

या सगळ्या दुरुस्त्यांनंतर पोते ठेवलेल्या गाडीला आमच्या काट्यावर १.९ किलो येतात. आठ मोटरी, चार डब्या, प्रत्येक बाजूला दोन. वृंदावनाभोवती अकरा फेऱ्या न थांबता झाल्या, बाराव्या फेरीत मोरीकडून वर येताना डावीकडची पहिली मोटर अजूनही कोमट होते आणि त्या जागेवर आम्ही अर्धा मिनिट विसावा घेतो. शेजारून एक मोठे माणूस चालत असते आणि मुख्य बटण त्याच्या हातात असते. रात्री गाडी चाकांवर उभी ठेवत नाही. सतत भाराखाली प्लॅस्टिक हळूहळू बसते आणि सकाळी काटा दोनशे ग्रॅम जास्त दाखवतो, म्हणून तिच्या सांगाड्याखाली दोन पाट सरकवून चाके अधांतरी सोडतो.